पेलोरिन्यो: मानाचा खांब, शिक्षेचा खांब

पोर्तुगालच्या पूर्व भागात, स्पेनच्या सीमेजवळ, सोर्तेल्या हे तटबंदीतलं छोटं गाव आहे. इथली घरं ग्रॅनाइटची आणि किल्लाही ग्रॅनाइटचाच. किल्ल्यासमोरच्या चौकात पायऱ्यांच्या चौथऱ्यावर एक दगडी खांब उभा आहे. त्याच्या माथ्यावर खगोलाच्या कड्यांचा गोल आहे, ती राजा मॅन्युएल पहिला याची खूण. अशा खांबाला पोर्तुगालमध्ये पेलोरिन्यो म्हणतात.

त्याचं मूळ गावाच्या सनदेत आहे. राजाकडून ‘फोराल’ मिळालं की कर किती, दंड किती, हक्क कोणते हे लेखी ठरायचं आणि गावाला स्वतःचा कारभार व न्यायनिवाडा करता यायचा. हा अधिकार सर्वांना दिसावा म्हणून नगरसभेजवळ खांब उभा राहायचा. सोर्तेल्याला पहिली सनद १२२८ मध्ये मिळाली आणि १५१० मध्ये मॅन्युएलने नवी दिली. त्याने देशभरातल्या जुन्या सनदा नव्याने लिहवून घेतल्या. आज दिसणारे कितीतरी खांब त्याच काळातले आहेत. ओबिदुशच्या खांबावर मात्र राजचिन्हाच्या जोडीला मासेमारीचं जाळं कोरलेलं आहे. ते राणी लिओनोरचं चिन्ह. १४९१ मध्ये तिचा मुलगा घोड्यावरून पडून मरण पावला. कोळ्यांनी त्याला जाळ्यातून आणलं, अशी आख्यायिका आहे.

काही खांबांवर वरच्या बाजूला चार दिशांना लोखंडी आकडे अजून शाबूत आहेत, काहींची टोकं सर्पमुखी आहेत. मापात खोट करणारा व्यापारी, भुरटा चोर अशांना इथे बांधून गावासमोर उभं करत, फटकेही मारत. फाशीचा खांब सहसा वस्तीबाहेर असे. इथली मुख्य शिक्षा होती चारचौघांतली बेअब्रू.

पोर्तुगीज सत्ता जिथे गेली तिथे नगरसभेबरोबर हा खांबही गेला. जुन्या गोव्यात जुना आणि नवा पेलोरिन्यो अशा दोन जागा होत्या. केप व्हर्देच्या सिदाद व्हेल्यामध्ये तो आजही उभा आहे. ब्राझीलच्या साल्वादोरमध्ये गुलामांना या खांबाशी फटके मारले जात. तिथला खांब गेला, पण त्या भागाचं नाव पेलोरिन्योच राहिलं.

एकोणिसाव्या शतकात उदारमतवाद्यांना हे खांब जुलमाची निशाणी वाटले आणि अनेक पाडले गेले. त्यातच १८३६ च्या सुधारणेत शेकडो छोट्या नगरसभा बरखास्त झाल्या. सोर्तेल्याची १८५५ मध्ये गेली आणि गाव साबुगालला जोडलं गेलं. पुढे ११ ऑक्टोबर १९३३ च्या हुकुमाने देशभरातल्या पेलोरिन्योंना संरक्षण मिळालं. मोडलेले काही खांब सापडलेल्या तुकड्यांतून पुन्हा उभे राहिले.

हे संरक्षण योग्यच झालं. कारभार गेलेल्या गावांकडे आपल्या जुन्या अधिकाराचा एवढाच उघड्यावरचा पुरावा उरला आहे. पण राजाचं चिन्ह दाखवताना आकड्यांबद्दल गप्प बसणं म्हणजे अर्धाच वारसा सांगणं. न्याय गावाच्या हाती आला हे खरं, आणि त्या न्यायाने दुबळ्यांनाच सर्वांसमोर उभं केलं हेही खरं. खांबाजवळच्या माहितीफलकावर दोन्ही गोष्टी सारख्याच ठळक हव्यात.