कॉफीवर नजर

वेबकॅमेऱ्याचा इतिहास आळसातून सुरू होतो, आणि म्हणूनच मला तो आवडतो. १९९१ सालची गोष्ट. केंब्रिज विद्यापीठाच्या कॉम्प्युटर लॅबोरेटरीत ट्रोजन रूम नावाची एक खोली होती आणि तिच्या बाहेर कॉफीचे यंत्र. लांबच्या खोल्यांत बसणारे संशोधक जिने चढउतार करून यायचे, तर भांडे रिकामे!

क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर आणि पॉल जार्डेट्स्की यांनी प्रयोगशाळेतल्या स्टँडला कॅमेरा बांधला, भांड्याकडे वळवला आणि वायर फरशीखालून आत नेली. चित्र पाठवणारा प्रोग्राम जार्डेट्स्कींनी लिहिला, ते प्रत्येकाच्या पडद्यावर छोट्या चौकटीत दाखवणारा स्टॅफर्ड-फ्रेझरांनी. चित्र १२८ बाय १२८ ठिपक्यांचे, कृष्णधवल, मिनिटाला साधारण तीनदा बदलणारे. मी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचो तेव्हा वर्गात हे उदाहरण हटकून देई. कामापुरते म्हणजे किती, हे यापेक्षा चांगले कुठे शिकवता येईल?

चित्र पकडणारे कार्ड ज्या संगणकात होते तो अ‍ॅकॉर्न आर्किमिडीज. अ‍ॅकॉर्न ही केंब्रिजचीच कंपनी. तिथे सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी आखलेला एआरएम प्रोसेसर १९८५ मध्ये पहिल्यांदा चालला. आर्किमिडीजमध्ये त्याचीच पुढची आवृत्ती होती. पुढे त्याच लॅबोरेटरीतल्या एबेन अप्टन यांना जाणवले की संगणकशास्त्राला येणारी मुले कमी होताहेत आणि येतात त्यांनाही प्रोग्रामिंग जेमतेम येते. मुलांच्या हाती स्वस्त संगणक द्यावा या धडपडीतून रास्पबेरी पाय हा एकाच बोर्डावर मावणारा संगणक आला. २९ फेब्रुवारी २०१२, किंमत ३५ डॉलर, प्रोसेसर पुन्हा एआरएम. मे २०१३ मध्ये त्याला जोडायचा पाच मेगापिक्सेलचा कॅमेरा आला, २५ डॉलरला. म्हणजे घरी बोर्डावर कॅमेरा जोडणारा माणूस नकळत त्याच कॉफीवाल्यांच्या घराण्यात शिरतो.

मीही शिरलो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून बोर्ड आणला, चपटी केबल खाचेत बसवली, मेमरी कार्डावर लिनक्स आणि मोशन नावाचा फुकट प्रोग्राम टाकला. मोशन एकामागून एक येणारी चित्रे ताडून पाहतो. ठरावीक संख्येपेक्षा जास्त ठिपके बदलले की तेवढे चित्र साठवतो. एरवी घरातल्या कुठल्याही ब्राउझरवर ८०८१ क्रमांकाच्या पोर्टवर थेट दृश्य दिसते. माझा कॅमेरा चोरावर नाही, हौदावरच्या नळावर आहे. आमच्याकडे पाणी केव्हा येईल याचा नेम नसतो. बायकोने पहिल्याच आठवड्यात निकाल दिला, “चोर येवो न येवो, पाणी आलेलं कळलं!”

केंब्रिजच्या कॅमेऱ्याची पहिली दोन वर्षे मला सर्वात मोलाची वाटतात. तेवढा काळ ते चित्र इमारतीबाहेर गेलेच नाही. नोव्हेंबर १९९३ मध्ये ते वेबवर चढले आणि जगभरातली माणसे परक्यांच्या कॉफीकडे टक लावून बसली. २२ ऑगस्ट २००१ रोजी कॅमेरा बंद झाला आणि ते भांडे श्पीगेल ऑनलाइन या जर्मन वृत्तसंकेतस्थळाने लिलावात ३,३५० पौंडांना घेतले. हौस!

आज बाजारातले कितीतरी तयार कॅमेरे शेजारच्या खोलीतले दृश्यही आधी कंपनीच्या सर्व्हरवर पाठवतात, मग आपल्या फोनवर आणतात. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने कारखान्यातूनच आलेले पासवर्ड वापरून असे असंख्य कॅमेरे बळकावले आणि ऑक्टोबरात ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास आडव्या पाडल्या. घरी बनवलेल्या कॅमेऱ्याचे चित्र घरातच ठेवता येते; माझ्या मते त्याचे सारे मोल तिथेच आहे. पण रास्पबेरी पायवरही कित्येक वर्षे ‘पाय’ हे नाव आणि ‘रास्पबेरी’ हा पासवर्ड आयता मिळत असे. एप्रिल २०२२ मध्ये ते नाव काढून टाकले. तुमच्याकडे त्याआधीचे कार्ड चालू असेल, तर आज पासवर्ड बदला आणि राउटरवर बाहेरून येणारे पोर्ट उघडे नाही ना, तेवढे पाहा.