खिचडीचा वार कोण ठरवतो?

गरिबाघरचा मुलगा शिकायला मोठ्या गावी आला की पाटी-पुस्तकाच्या आधी त्याचे वार लावावे लागत. सोमवारी वकिलांकडे, मंगळवारी कुणा दूरच्या आत्याकडे, बुधवारी देवळाजवळच्या वाड्यात. एखादा वार रिकामा राहिला तर त्या दिवशी माधुकरी, नाहीतर पाणी पिऊन झोपायचं. सात वार आणि सात घरं असा तो कोष्टकाचा हिशेब मुलाला तोंडपाठ असे. ताटात काय पडेल हे त्या घरच्या चुलीवर अवलंबून. आवड-नावड विचारण्याचा प्रश्नच नव्हता.

या सोयीचं कौतुक आत्मचरित्रांतून पुष्कळ झालं आहे. पण ती बहुतांशी ब्राह्मण मुलांपुरती होती, हे त्याच दमात सांगायला हवं. ज्याला पंक्तीत बसू दिलं जात नव्हतं त्याचे वार कोण लावणार? म्हणून कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1901पासून वसतिगृहांचा पाया घातला, साताऱ्यात भाऊराव पाटलांनी 1924 साली सर्व जातींच्या मुलांचं एकत्र वसतिगृह उघडलं आणि वऱ्हाडात पंजाबराव देशमुखांनी अमरावतीला श्रद्धानंद छात्रालय काढलं. शाळेत टिकायचं तर आधी जेवणाची सोय, ही गोष्ट या माणसांना सरकारच्या कितीतरी आधी कळली होती.

सरकारची ही सोय खेड्यात कशी पोचली, ते वऱ्हाडातल्याच एका गावापासून पाहू. वाशीमहून पुसदच्या रस्त्याला लागलं की अनसिंग येतं. गाव वाशीम तालुक्यातलं, मुलूख वऱ्हाडाचा. शिवारात आज सोयाबीन, तूर, हरभरा. जुनं खाणं ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, ठेचा. भाताची खरी खाचरं पूर्व विदर्भात, भंडारा-गोंदियाकडे. इकडे भात सणावाराचा, नाहीतर आजाऱ्याचा.

नेमका तोच तांदूळ 15 ऑगस्ट 1995 नंतर शाळेच्या पोत्यातून गावोगावी आला. त्या दिवशी केंद्राने प्राथमिक शाळांसाठी पोषण आहाराची योजना सुरू केली. कल्पना नवी नव्हती. मद्रास शहराच्या पालिकेने 1920च्या दशकातच शाळेत जेवण देऊन पाहिलं होतं, मुख्यमंत्री कामराजांनी 1950च्या दशकात ते राज्यभर नेलं आणि एम. जी. रामचंद्रन यांनी 1982 साली त्याला आणखी मोठं रूप दिलं. महाराष्ट्राच्या आठवणीत त्याआधी होती ती 1972च्या दुष्काळातली सुकडी आणि शाळेतलं दुधाच्या भुकटीचं पातेलं. 1995ची योजना मात्र बहुतेक राज्यांत शिजली नाही. महिन्यात 80 टक्के हजेरी भरली की मुलाला 3 किलो धान्य. मुलं पिशवी घेऊन रांगेत उभी राहत आणि तांदूळ घरी जाई. तिथे तो पाच-सहा तोंडांत वाटला जाई, आणि त्यात गैर काही नव्हतं. फक्त शाळेत येणाऱ्या पोराच्या पोटात दुपारी काही पडत नसे.

पेच न्यायालयात सुटला. एकीकडे सरकारी गोदामांत धान्य सडतंय आणि दुसरीकडे राजस्थानात माणसं उपाशी, अशी तक्रार घेऊन पीयूसीएल ही संघटना 2001च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली. त्याच वर्षी 28 नोव्हेंबरला आदेश झाला: शिजवलेलं जेवण द्या, किमान 300 उष्मांक आणि 8 ते 12 ग्रॅम प्रथिनं, वर्षात किमान 200 दिवस. पुढे 20 एप्रिल 2004च्या आदेशात स्वयंपाकी नेमताना दलित आणि आदिवासींना प्राधान्य द्या, असंही आलं. ही ओळ कॅलरीच्या ओळीपेक्षा कमी महत्त्वाची नव्हती. ज्या पंक्तीतून काही मुलं शतकभर बाहेर ठेवली गेली, तिथे वाढणारा हात कुणाचा, हे आता कायद्याच्या भाषेत विचारलं जात होतं.

महाराष्ट्राच्या खेड्यांत 2001च्या आदेशानंतर एक-दोन वर्षांत चुली पेटल्या आणि योजनेचं सरकारी नाव कुणाच्याच तोंडात राहिलं नाही. पोरांपासून अधिकाऱ्यांपर्यंत सगळे म्हणू लागले, 'खिचडी'. "आज खिचडी हाय का?" हा प्रश्न हजेरीच्या आधी येऊ लागला. मास्तर शिकवणार की खिचडी मोजणार, ही कुरकुरही तेव्हाचीच, आणि ती अजून थांबलेली नाही. खिचडीच का, याचं उत्तर चवीत शोधण्यात अर्थ नाही. तांदूळ भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामातून फुकट येतो. डाळ, कडधान्य, तेल, मसाला पुरवठादार आणून टाकतो. भाजी आणि इंधन तेवढं गावात घ्यायचं. या तिन्ही वाटा जिथे एकत्र येतात तिथे एका भांड्यात शिजणारा पदार्थ एकच. ज्वारीच्या मुलखातल्या मुलाची दुपार अशी गोदामाने ठरवली.

खिचडीबरोबर वह्याही आल्या. साठा नोंदवही, लाभार्थी नोंदवही, चव नोंदवही. मुलांना वाढण्याआधी मोठ्या माणसाने घास खाऊन सही करायची. 16 जुलै 2013 रोजी बिहारमधल्या सारण जिल्ह्यात कीटकनाशक मिसळलेलं जेवण खाऊन 23 मुलं दगावली, त्यानंतर ही सही कागदोपत्री उपचार राहिली नाही.

मग कागदावरचं सगळं पडद्यावर गेलं. राज्याने 2015 साली 'सरल' ही संगणकप्रणाली आणली आणि पोषण आहाराची रोजची माहितीही पुढे ऑनलाइन भरली जाऊ लागली. मुख्याध्यापकांच्या मोबाइलमध्ये अॅप आलं. काम दिसायला किरकोळ: पहिली ते पाचवी हजर किती, जेवले किती, सहावी ते आठवी हजर किती, जेवले किती, आजचा मेनू कोणता. बाकीचा हिशेब प्रमाणावर चालतो. लहान गटाला डोईमागे 100 ग्रॅम तांदूळ आणि 20 ग्रॅम डाळ, मोठ्या गटाला 150 आणि 30. म्हणजे पाचवीपर्यंतची साठ मुलं जेवली तर 6 किलो तांदूळ उडाला, आणि वरच्या वर्गांतली चाळीस जेवली तरी तेवढाच. मेनूत मटकी निवडली तर मटकीचा साठा घटणार, मूगडाळ निवडली तर मूगडाळीचा. कोठीत मटकी शिल्लक नसताना मटकी टिचकवली, की पडदा आणि पोतं यांचं भांडण सुरू. ते निस्तरता निस्तरता मधली सुट्टी संपते, आणि रेंजसाठी गच्चीवर जावं लागलं तर पुढचा तासही.

इथे एक फरक ध्यानात घ्यावा. शहरातल्या खासगी शाळेच्या सॉफ्टवेअरमध्ये जेवणाचे पर्याय भरतात ते मुलासाठी: शाकाहारी, मांसाहारी, जैन, शेंगदाण्याची अॅलर्जी. ब्रिटनने शाळेतल्या जेवणाचा कायदा 1906 सालीच केला. आज तिथल्या कितीतरी शाळांत पालक घरबसल्या मुलाचं ताट निवडतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत यादीतून निवड होते ती मुलाची आवड नोंदवायला नाही, साठा वजा करायला. तीच यादी, तशीच टिचकी, पण निवडणारा वेगळा आणि कारणही वेगळं.

मुलाची आवड विचारायची वेळ एकदा आली, ती अंड्यामुळे. नोव्हेंबर 2023मध्ये राज्याने ठरवलं की आठवड्यातून एकदा उकडलेलं अंडं किंवा अंडा पुलाव द्यायचा, आणि न खाणाऱ्याला केळं किंवा स्थानिक फळ. अंड्यामागे पाच रुपये धरले होते. पहिल्यांदाच शाळेला एका दिवसासाठी दोन आकडे काढावे लागले. वाद पेटायला वेळ लागला नाही. जानेवारी 2024मध्ये सुधारणा आली: 40 टक्के पालकांचा विरोध असेल तिथे सगळ्यांनाच फळ. जिथे अंडी मिळतील तिथे ओळखपत्रावर खाणाऱ्याला लाल ठिपका, न खाणाऱ्याला हिरवा. खाद्यपदार्थांच्या पाकिटावरचा ठिपका पोराच्या गळ्यात आला. सोय म्हणून तो कितीही निरुपद्रवी वाटो, शाळेच्या पंक्तीत ताटावरून माणूस ओळखण्याची जुनी खोड ज्यांना ठाऊक आहे त्यांना तो टोचलाच.

पुढचं पाऊल 11 जून 2024 रोजी पडलं. एकट्या खिचडीऐवजी तीन पदार्थांचं ताट ठरलं: भाताचा प्रकार, मोड आलेलं कडधान्य आणि गोड म्हणून खीर किंवा नाचणीसत्त्व. पाककृती पंधरा. व्हेजिटेबल पुलाव, मसालेभात, चवळी खिचडी, चणा पुलाव, सोयाबीन पुलाव, मूग-शेवगा वरण-भात अशी ती लांबलचक यादी वाचताना हॉटेलात आल्यासारखं वाटावं. बारकाईने पाहिलं तर बहुतेक नावांखाली तांदूळच. ज्वारीची भाकर पंधरांत नव्हती. सोयाबीन पुलावाची गंमत तर वाशीमकरांना खास कळेल. शिवारातलं सोयाबीन बाजार समितीतून तेलगिरणीत जातं, तेल निघाल्यावर उरलेल्या पिठाच्या वड्या होतात, आणि त्या पाकिटबंद होऊन पुन्हा त्याच गावच्या शाळेच्या पातेल्यात पडतात.

तीन पदार्थांची हौस वर्षभरही टिकली नाही. 28 जानेवारी 2025च्या निर्णयाने पाककृतींची यादी आखडली, आणि अंडी व गोडासाठी लागणारी साखर यांचा सरकारी पैसा थांबला. हवं असेल तर लोकसहभागातून करा, असं सांगितलं गेलं. यादीत पर्याय आहे, खर्चाचा रकाना गावाकडे. कुणाच्या वाढदिवसाला किंवा वडिलांच्या तिथीला गावकऱ्याने शाळेत जेवण घालावं, या उपक्रमालाही सरकारी पाठबळ आहे. सधन घर असलेल्या गावात ते निभावतं. सोयाबीनला भाव नसलेल्या वर्षी वर्गणी कुणाकडे मागायची, हा मुख्याध्यापकांचा प्रश्न.

या सगळ्या फेरफारात जिच्या मजुरीचा उल्लेख सर्वांत शेवटी होतो ती स्वयंपाकी ताई. केंद्राने 2009च्या सुमारास तिचं मानधन महिना 1000 रुपये ठरवलं. राज्याने भर घालत ते 1500 आणि 2023मध्ये 2500 केलं. एका भांड्याची तीन भांडी झाली तेव्हा ते तेवढंच होतं. मटकीला मोड आणायचे तर ती सकाळी भिजवायची, रात्री उपसून फडक्यात बांधायची आणि दुसऱ्या दिवशी दुपारी फोडणीला टाकायची. म्हणजे बुधवारची उसळ मंगळवारी सकाळीच ठरते, आणि ती ठरवते ताई, कोठीच्या डब्यात काय उरलंय ते बघून. बुधवारी दुपारी मुलं जेवून हात धुवायला गेली की सर मोबाइल काढतात आणि तिला विचारतात, "ताई, आज काय टाकू?"