बदलीवरच्या शेवया

माणसाने अन्नाचा शोध लावला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी 'याच्याऐवजी दुसरं काही चालेल का?' या प्रश्नाचाही शोध लावला असावा. साखरेऐवजी गोळी आली, तुपाऐवजी वनस्पती आलं, कॉफीत चिकोरी आली. मूळ पदार्थ रजेवर गेला की त्याच्या खुर्चीत कुणालातरी बसवायचं, ही कचेरीतली रीत स्वयंपाकघरातही फार जुनी आहे.

या बाबतीत आपण मराठी माणसं कुणाला हार जाणारी नाही. गहू-तांदूळ-डाळ यांना एकादशीची सुट्टी मिळाली, की त्यांच्या जागी साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा आणि रताळं अशी पाच जणांची तुकडी आपण कामावर रुजू करून घेतो. फरक इतकाच, की जगात इतरत्र बदलीवरचं अन्न मूळ अन्नापेक्षा हलकं असतं, आपलं मात्र चांगलं वजनदार. साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी आणि वर केळ्याचं शिकरण एवढा उपवास करून उठणाऱ्या माणसाला हात द्यावा लागतो. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण काही परदेशी लोकांनी आपल्यावर कुभांड म्हणून रचलेली नाही.

तेव्हा ज्या दिवशी डॉक्टरांनी मला "पास्ता बंद करा, त्याऐवजी दुसरं काहीतरी बघा" असं सांगितलं, त्या दिवशी मी मुळीच डगमगलो नाही. सदाशिव पेठेतल्या माणसाचा पास्त्याशी काय संबंध, असं आपण विचाराल. तर आमच्या घरची रविवारची संध्याकाळ ही पूर्वी पिठलं-भाताच्या ताब्यात होती. नातवंडांनी ती लढून जिंकली आणि पास्त्याच्या हवाली केली. जिंकलेल्या प्रदेशातली प्रजा काही दिवसांनी नव्या राजाचे गोडवे गाऊ लागते, तसं माझं झालं होतं. पास्त्याची दुसरी वाढी मी मागत असे आणि ती कुणाच्या लक्षात येत नाही, असं मला वाटत असे. डॉक्टरांच्या वजनकाट्याच्या मात्र ते लक्षात आलं होतं.

सूनबाईंनी दोन दिवसांत तोड काढली. "बाबा, हे बघा, शिराताकी. जपानी शेवया. शंभर ग्रॅममध्ये फक्त दहा कॅलरी!" शिजवलेल्या पास्त्याच्या शंभर ग्रॅममध्ये दीडशेच्या आसपास असतात. हिशेब माझ्या मनाने लगेच केला: म्हणजे एका ताटलीऐवजी पंधरा ताटल्या! मराठी मनाला उपवासाचं वळण असं लागलेलं असतं.

पाकीट पाण्याने भरलेलं होतं. शेवया म्हणजे उन्हात गच्चीवर खाटेवर वाळत घालायची वस्तू, अशी ज्याची लहानपणापासूनची समजूत, त्याने पाण्यात पोहणाऱ्या शेवया पाहिल्यावर जरा दचकायचंच. खरा दचका पाकीट फोडल्यावर बसला. आमच्या घरात तीन पिढ्यांत मासळीचा वारा शिरला नव्हता, तो त्या सकाळी शिरला. हिने देवघरातून विचारलं, "अहो, कोण आलंय?" पाकिटावर शाकाहाराचा हिरवा ठिपका होता. कंदाच्या पिठालाच हा वास अंगचा असतो, असं सूनबाईंनी समजावलं. मग त्या शेवया तीन पाण्यांनी धुतल्या, उकळल्या आणि कोरड्या तव्यावर परतल्या. परतताना त्या चक्क चूंचूं करून बोलतात. जिवंतपणी तोंड न उघडलेल्या माणसाने अखेरच्या क्षणी दोन शब्द बोलावेत, तसं ते वाटतं.

त्यावर टोमॅटोचा तो इटालियन रस ओतला. रस ताटलीतच राहिला. शेवया त्याच्याशी ओळख दाखवायला तयार नव्हत्या. दातांखाली त्या रबरासारख्या उडत होत्या आणि चव म्हणाल तर कशाचीच नव्हती. धाकट्या नातवाने एकच घास घेऊन निकाल दिला, "आजोबा, हे पास्त्याचं भूत आहे."

पण इतिहासाचा मास्तर निवृत्त झाला तरी खोड जात नाही. मी त्या भुताची वंशावळ शोधायला बसलो. मूळ गादीवाल्यापासूनच सुरुवात केली. पास्ता मार्को पोलोने चीनहून इटलीत आणला, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. मार्को पोलो व्हेनिसला परतला तो १२९५ साली. आणि अल् इद्रिसी नावाच्या अरब भूगोलकाराने सिसिलीतल्या त्राबिया गावी पिठाच्या वाळवलेल्या शेवया करतात आणि जहाजं भरभरून बाहेर पाठवतात, हे लिहून ठेवलं ११५४ साली. म्हणजे मार्को पोलोच्या पणजोबांनासुद्धा पास्ता मिळायला हरकत नव्हती.

इतक्या जुन्या गादीवाल्याला उठवायचा सर्वांत गाजलेला प्रयत्न खुद्द इटलीत झाला. फिलिप्पो मारिनेत्ती हा भविष्यवादी कवी. यंत्र, वेग आणि युद्ध यांवर त्याची भारी भक्ती. २८ डिसेंबर १९३० रोजी तुरीनच्या एका वर्तमानपत्रात त्याने पाककलेचा जाहीरनामा छापला आणि पास्ता रद्द करा अशी आरोळी ठोकली. पास्ता खाऊन इटालियन माणूस सुस्त, निराश आणि हळवा होतो, असं त्याचं म्हणणं. त्याऐवजी भात खा! मुसोलिनीची गव्हाची चळवळ १९२५ पासून चालूच होती. परदेशी गहू नको, देशी तांदूळ चालेल, हा हिशेबही त्याला सोयीचा होता. हे वाचून मला फार बरं वाटलं. भात खाल्ल्याने माणूस चपळ आणि लढाऊ होतो, हे दुपारी दोन वाजता वरण-भात खाऊन आडवं झालेलं पुणं पाहिलं असतं तर मारिनेत्तीने लिहिलं नसतं. पुढे इटलीत गदारोळ झाला, लाक्विला गावच्या बायकांनी पास्त्याच्या बाजूने अर्ज केला, आणि खुद्द मारिनेत्ती स्पॅगेटी खाताना सापडल्याचे किस्से लोकांनी चवीने सांगितले. तो जाहीरनामा आता ग्रंथालयात आहे. पास्ता ताटलीत आहे.

आता आमच्या बदली कामगाराकडे येऊ. शिराताकी म्हणजे 'शुभ्र धबधबा'. नाव कवीने ठेवलं असावं, पण कच्चा माल मात्र एक ओबडधोबड कंद. त्याला जपानात कोन्याकू म्हणतात, आणि त्याची कुंडली पाहिली तर तो निघाला आपल्या सुरणाचा सख्खा चुलतभाऊ! पावसाळ्याच्या तोंडाला ठाणे-पालघरकडच्या बाजारात जी शेवळं येतात, काकडं घातल्याशिवाय जी घशाला खाजवल्यावाचून राहत नाहीत, तीही याच घराण्यातली. खाज हा सगळ्या घराण्याचा गुण. अंगात चुन्याच्या क्षाराच्या सूक्ष्म सुया असतात, त्या टोचतात. आपण त्यावर चिंच, आमसूल असा आंबट उतारा शोधला. चिनी-जपान्यांनी राखेचं पाणी आणि चुन्याची निवळी घेतली. पीठ पाण्यात कालवून त्यात चुना पडला, की त्याचा घट्ट लगदा होतो. वडी पाडली की कोन्याकू, बारीक भोकांतून उकळत्या पाण्यात सोडली की शिराताकी. शंभर भागांतले सत्त्याण्णव भाग पाणी. ते पाणी धरून ठेवणारा जो चिवट तंतू, ग्लुकोमॅनन, तो आपल्या जठराला पचत नाही. म्हणून कॅलरी नाहीत. सुरणात मुख्यतः साधं पिष्ट. ते मुकाट्याने पचतं आणि कमरेवर येऊन बसतं. एकाच घरातले दोन भाऊ, एक दानशूर आणि एक कवडीचुंबक.

हा कंद सहाव्या शतकात बौद्ध धर्माच्या पाठोपाठ औषध म्हणून जपानात गेला, असं सांगतात. मठांतून तो स्वयंपाकघरात आला. बाशोसारखा सतराव्या शतकातला थोर कवी त्याचा भोक्ता होता. अडचण एकच, ओला कंद टिकायचा नाही. मितो संस्थानातल्या नाकाजिमा तोएमोन नावाच्या शेतकऱ्याने पाहिलं, की कापलेल्या कंदाचा तोंडवळा वाळून पांढराशुभ्र होतो. त्याने चकत्या वाळवल्या, कुटल्या आणि पीठ केलं. साल १७७६. तिकडे अमेरिका स्वतंत्र होत होती, इकडे पुण्यात बारभाईंचं राजकारण रंगलं होतं, आणि हा गृहस्थ मान खाली घालून कंद कुटत होता. त्याचं पीठ दूरदूरच्या शहरांत विकून संस्थान गबर झालं आणि या शेतकऱ्याला तलवार बाळगायचा मान मिळाला. १८४६ साली तर कोन्याकूच्या नाना प्रकारांचं एक पाकपुस्तकच निघालं. आज जपानातलं नव्वद टक्क्यांहून अधिक पीक एकट्या गुन्मा प्रांतात निघतं. कंद थंडीआधी उपटायचा, घरात जपायचा, वसंतात पुन्हा लावायचा, असं दोन-तीन वर्षं केल्यावर तो कामाचा होतो. इतक्या कष्टाने पिकवायचं आणि त्यात पौष्टिक काहीच नाही, याला चिकाटी म्हणायचं की वैराग्य?

इथपर्यंत मी मजेत वाचत होतो. मग १९४४ साल आलं.

युद्ध हरत चाललेल्या जपानला अमेरिकेवर मारा करायचा होता आणि विमानं तिथवर पोचत नव्हती. तेव्हा कागदाचे फुगे करायचे ठरलं, दहा मीटर व्यासाचे. आकाशातल्या जोरदार पश्चिमी वाऱ्यावर सोडायचे, खाली बॉम्ब बांधायचे. तुतीच्या जातीच्या झाडाचा हातकागद थरावर थर चिकटवायचा, आणि त्यातून वायू निसटू नये असली खळ कशाची? कोन्याकूची. कोन्याकू बाजारातून नाहीसा झाला. शाळांतल्या मुली वर्ग सोडून कागद चिकटवायला बसवल्या गेल्या. तेरा-चौदा-पंधरा वर्षांच्या पोरी, थंडीत, तासन्‌तास. देशात अन्न नव्हतं. त्या भुकेल्या पोरी चोरून ती खळ खात. ज्या पदार्थात पोट भरण्यासारखं काही नाही तोच, पोट भरावं म्हणून.

नोव्हेंबर १९४४ ते एप्रिल १९४५ या काळात असे नऊ हजारांवर फुगे उडाले. बहुतेक समुद्रात गेले. एक ओरेगन राज्यातल्या ब्लाय गावाजवळच्या रानात पडला. ५ मे १९४५ रोजी तिथे सहलीला गेलेली एक गरोदर बाई आणि पाच मुलं त्याच्या स्फोटात गेली. फुगे चिकटवणाऱ्या मुलींतल्या काही जणींना हे पुढे कित्येक वर्षांनी समजलं. त्यांनी कागदाचे सारस करून त्या कुटुंबांकडे पाठवले.

हे वाचून झाल्यावर फ्रिजमधल्या उरलेल्या दोन पाकिटांकडे मला पूर्वीच्या नजरेने पाहता येईना. मी ते पीठ खात होतो, कारण त्यात काही नाही. त्या मुली तेच खात होत्या, कारण दुसरं काही नव्हतं. भरल्या पोटाने पोटाला फसवलं तर त्याला आपण पथ्य म्हणतो आणि त्यासाठी दुकानात दोन किलो शेवयांचे पैसे मोजतो. रिकाम्या पोटाने फसवलं तर त्याचं नाव उपासमार. पीठ तेच, कॅलरीही तशाच नगण्य.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. जपानात या शेवया मुळात कशाच्या ऐवजी म्हणून खायच्या नाहीत. तिकडे त्या बदलीवर नाहीत, कायम नोकरीत आहेत. रस्सा उकळत असताना त्यात सोडतात आणि मग त्या रश्शाची चव मुरवून घेतात. त्यांना पास्ता म्हणून बसवलं की त्या नापास होणारच. आपल्या साबुदाण्याला कुणी भाताच्या खुर्चीत बसवून वर वरण ओतलं, तर त्याची अब्रू राहील का? साबुदाणा खिचडी म्हणूनच शोभतो, आणि तशी झाली की भाताची आठवण कुणाला होते?

तेव्हा सूनबाईंशी तह झाला. रविवारी पास्ता होतो, मला एकच वाढी मिळते, दुसरी मागायची नाही. शिराताकी गुरुवारी असते, आमटीच्या पातळ कटात, वर कोथिंबीर आणि लिंबू. कट तिखट असला की ती मुकाट्याने तिखट होते, चिंच-गुळाचा असला की आंबट-गोड. चूंचूं करण्याचीही गरज तिला भासत नाही. हिलाही वासाची सवय झाली आहे. मात्र शेजारच्या काकूंना अजून संशय आहे, आणि गुरुवारी दार उघडं ठेवायचं नाही, असा आमच्या घरात नवा नियम झाला आहे.