लुटुपुटीच्या रणभूमीवरील नदी

यमुनेला पूर आहे, तेव्हा शत्रू पाण्यात उतरणे शक्य नाही, या भरवशावर भाऊसाहेबांची फौज कुंजपुऱ्याकडे गुंतली असता अब्दालीने १७६० च्या ऑक्टोबरात बागपतपाशी नदी ओलांडून मराठ्यांचा दिल्लीकडचा रस्ता तोडला, ही हकीकत ज्या मराठी वाचकाच्या मनात अद्याप सलते आहे, त्याला युद्धात नदीचे माहात्म्य काय असते हे निराळे सांगावयास नको. लढाईचे भवितव्य जेथे एखाद्या उतारावर किंवा पुलावर लटकून राहते, तेथे तिची प्रतिकृती मेजावर मांडू पाहणाऱ्यांना नदीचा विचार आरंभापासूनच करावा लागला. आणि युरोपातील या लोकांनी ती कशी कशी घडविली, याचा वृत्तांत मला फार मनोवेधक वाटत आला आहे.

ब्रन्स्विकच्या दरबारी सेवेतील मुलांना शिकविणाऱ्या योहान हेल्विग या गणितज्ञाने १७८० साली बुद्धिबळाचा विस्तार करून जो युद्धखेळ प्रसिद्ध केला, त्याच्या पटावर १,६१७ घरे होती आणि घराच्या रंगावरून भूमीचा प्रकार ओळखावयाचा असे : तांबडा डोंगराचा, हिरवा दलदलीचा, निळा पाण्याचा. निळे घर आडवे आले की फौजेची चाल खुंटे. कल्पना बुद्धिमान खरी. परंतु चौकटींत कोंडलेली नदी काटकोनातच वळणार, आणि काटकोनात वळणारी नदी पृथ्वीतलावर कोणी पाहिली आहे?

हे बंधन तोडण्याचे श्रेय प्रशियाच्या सेवेतील बॅरन फॉन रायस्विट्झ या मुलकी अधिकाऱ्याचे. त्याने चौकटी टाकून दिल्या आणि पेटीत ओली वाळू भरून तिच्यात टेकड्या उठविल्या, दऱ्या खोदल्या. ओल्या वाळूत बोटाने ओहोळ ओढला की पाणी कोणीकडे वाहील हे तत्काळ कळते; नदीकाठी वाढलेल्या प्रत्येक मुलाला हे ज्ञान असते, आणि त्या ज्ञानाचा लष्करी उपयोग करावा हे सुचण्यातच या गृहस्थाची प्रतिभा दिसते. १८११ साली राजपुत्रांनी हा खेळ पाहिला, त्यांच्या मुखाने त्याची कीर्ती राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम याच्या कानी गेली आणि त्याने तो पाहण्याची इच्छा दर्शविली. वाळूची पेटी राजासमोर नेणे रायस्विट्झला प्रशस्त वाटेना. म्हणून त्याने मुदत मागून घेतली आणि १८१२ साली खणांनी युक्त असे एक भव्य मेजच दरबारी सादर केले. त्या मेजावर मांडावयाचे तीन-चार इंच लांबी-रुंदीचे प्लास्टरचे तुकडे उठावदार आणि रंगविलेले होते. कोणावर गाव, कोणावर अरण्य, कोणावर नदीचे वळण. तुकडे फिरवून लावले की नवा मुलूख तयार! येथे कारागिरापुढे जो पेच उभा राहतो तो आजही सुटा मुलूख घडविणाऱ्या प्रत्येकापुढे उभा आहे : एका तुकड्याच्या कडेला प्रवाह जेथे संपतो, नेमका तेथूनच तो शेजारच्या तुकड्यात शिरला पाहिजे, केसभर चूक झाली तरी नदी मध्येच तुटते.

त्याच १८१२ सालच्या नोव्हेंबरात रशियातून माघार घेणाऱ्या नेपोलियनच्या सैन्यासाठी जनरल एब्लेच्या पूल बांधणाऱ्या शिपायांनी बेरेझिना नदीच्या गोठविणाऱ्या पाण्यात उभे राहून दोन पूल उभारले. नदी ओलांडण्यास वेळ किती लागतो, हा प्रश्न त्यानंतर कोणाही युरोपीय सेनाधिकाऱ्यास करमणुकीचा वाटला नसावा. रायस्विट्झच्या मुलाने १८२४ साली जे सुधारित नियम छापले, त्यांत प्रत्येक चाल दोन मिनिटांची धरली होती, पण प्लास्टरच्या जागी १:८००० प्रमाणाचे नकाशे आले होते. लष्करी तालमीच्या दृष्टीने हा लाभ मोठा, कारण नकाशा कोणत्याही पलटणीत नेता येतो. शिल्पाची मात्र हानी झाली, आणि नदी पुन्हा कागदावरची रेघ बनली. १८८१-८२ च्या सुमारास दाव्होस येथे आजारी लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन आपल्या सावत्र मुलाबरोबर माळ्यावर युद्ध खेळे, तेव्हाही डोंगर, नद्या आणि पूल जमिनीवर रंगीत खडूनेच काढलेले असत.

विसाव्या शतकात, विशेषतः १९६२ साली डोनाल्ड फेदरस्टोन यांचे ‘वॉर गेम्स’ हे पुस्तक निघाल्यावर, हा छंद इंग्लंडात घरोघर पसरला आणि नदीला पुन्हा घडण लाभू लागली. मात्र सपाट मेजावर निळ्या पुठ्ठ्याची पट्टी अंथरली की पाणी जमिनीच्या वर चढते, आणि नदी खोऱ्यातून न वाहता बांधावरून वाहते आहे असा भास होतो. यावर दोनच उपाय : थर्माकोलचा थर देऊन सगळी भूमी उचलावी आणि पात्र त्यात कोरावे, नाही तर पट्टीला दोन्ही बाजूंनी उतरते काठ द्यावेत. रुंदीचे संकट याहून बिकट आहे. १:७२ प्रमाणाच्या शिपायांसाठी शंभर मीटर रुंदीची नदी यथाप्रमाण केली, तर ती जवळजवळ १.४ मीटर मेज गिळील. म्हणून नदी आखडून घ्यावीच लागते, आणि ही तडजोड मला सर्वथा न्याय्य वाटते.

पाण्याच्या चकाकीसाठी प्रथम रोगणाचे हात दिले जात. पुढे दोन द्रव मिसळून घट्ट होणारी पारदर्शक राळ आली. ती एकदम ओतली तर तापते आणि तडकते, म्हणून तीनएक मिलिमीटरचे थर देत जावे लागते. कडा नीट बुजविल्या नसतील तर रात्रीतून सारी नदी मेजाखाली ठिबकते. तरीही खरे कौशल्य राळेच्या खाली, रंगात आहे. काठाशी वाळूचा पिवळट रंग, मग गाळाचा तपकिरी, आणि डोहाच्या जागी जवळजवळ काळा हिरवा, अशी छटा साधली की खोली दिसू लागते. पात्रात सरसकट निळा रंग फासणाऱ्याने नदी कधी लक्षपूर्वक पाहिलेलीच नसते, असे माझे स्पष्ट मत आहे.

दिवाळीत मुलांसाठी मातीचा किल्ला करताना आपण अळीव पेरून हिरवळ आणतो आणि आरशाचा तुकडा पुरून तळे दाखवितो. यंदा त्या किल्ल्याच्या पायथ्याशी एक नदीही खोदावी, तिचा तळ भोवतालच्या भूमीहून खाली ठेवावा, आणि मावळ्यांना पलीकडे जाता येईल असा एक उतार तिला अवश्य द्यावा.