वैनगंगा, मोगली आणि आपण

आपल्या वयाच्या मुलांना मोगली भेटला तो पुस्तकात नव्हे, टीव्हीवर. निप्पॉन ॲनिमेशन या जपानी संस्थेने ५२ भागांची ‘जंगल बुक’ मालिका केली होती. १९९३ मध्ये ती हिंदीत दूरदर्शनवर आली. गुलजारांचे गाणे, विशाल भारद्वाजांचे संगीत आणि शेरखानाला नाना पाटेकरांचा आवाज. मालिका लागली की गल्ली ओस पडायची. त्या मालिकेतले जंगल आपल्या नदीकाठचे आहे, हे मात्र आपल्याला कुणी सांगितले नव्हते. मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर, इतिहास माझा विषय नाही. पण पुण्यात मुलीला मूळ पुस्तक वाचून दाखवताना ‘वैनगंगा’ हे नाव समोर आले आणि मी थांबले. मग शोधत गेले. जे सापडले ते या स्मरणिकेसाठी लिहिते आहे.

रुडयार्ड किपलिंग ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईत जन्मला. वडील जॉन लॉकवुड किपलिंग जे. जे. कला शाळेत शिल्पकला शिकवायचे. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची शिल्पे त्यांचीच. लहानग्या रुडयार्डला आया आणि घरातला गडी देशी भाषेत गोष्टी सांगत. ‘जंगल बुक’ १८९४ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाले. पहिल्या भागातली काही आणि १८९५ च्या दुसऱ्या भागातली चित्रे वडिलांनीच काढली. मुलाने गोष्ट लिहायची, बापाने चित्र काढायचे, असे ते घरगुती काम होते. पुढे १९०३ मध्ये डेटमोल्ड या जुळ्या भावांनी त्यातल्या प्राण्यांची रंगीत चित्रे केली. इंग्लंडमधल्या कित्येक मुलांनी भारतातले जंगल पहिल्यांदा पाहिले ते अशा चित्रांतून.

गंमत अशी की किपलिंगने सिवनीचे जंगल पाहिलेले नव्हते. पुस्तक त्याने अमेरिकेत, व्हरमाँटच्या बर्फात बसून लिहिले. माहिती घेतली ती इतरांच्या पुस्तकांतून. त्यांतले एक म्हणजे मध्य प्रांतात राहिलेल्या स्टर्नडेल या इंग्रजाचे सिवनीवरचे १८७७ चे पुस्तक. त्या काळी सिवनी आणि आपला चांदा हे दोन्ही जिल्हे मध्य प्रांतातच होते. सिवनीत उगम पावलेली वैनगंगा बालाघाट, भंडारा करीत आपल्याकडे येते, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांच्या मधून वाहते, मार्कंड्याच्या देवळांपाशी वळण घेते आणि पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते. मोगलीच्या गोष्टीतली नदी हीच.

दुसऱ्या भागात रानकुत्र्यांची गोष्ट आहे. दख्खनकडून त्यांची टोळी येते आणि मोगली त्यांना वैनगंगेच्या कड्यावरच्या आग्या मोहोळांकडे ओढत नेतो. ताडोब्यात रानकुत्रे आजही दिसतात आणि आग्या मोहोळ उठले तर काय होते हे आपल्याकडच्या मुलाला समजावून सांगावे लागत नाही. मोगली गावात राहतो तेव्हा म्हशी राखतो. शेरखान मरतो तोही म्हशींच्या कळपाखाली. गुराख्याची ही अक्कल आपण आपल्या बांधावर पाहिलेली आहे.

इंग्लंडमध्ये ही गोष्ट पुस्तकात राहिली नाही, ती अंगात आली. बेडन-पॉवेलने १९१६ मध्ये लहान मुलांच्या वुल्फ कब पथकासाठी पुस्तिका लिहिली, ती मोगलीच्या गोष्टीवर उभी केली. मुलांनी बालू, बघिरा, का अजगर व्हायचे आणि गोल करून त्यांचे नाच करायचे. तीच पद्धत स्काऊटबरोबर भारतातल्या शाळांत आली. आपल्या शाळेतल्या कब पथकाचे ‘अकेला’ सर आठवतात ना? ते नाव लांडग्यांच्या म्होरक्याचे. १९६७ च्या डिस्ने चित्रपटात जॉर्ज सँडर्स या इंग्रज नटाने शेरखानाला शांत, सभ्य, थंड आवाज दिला. आपल्या नानांनी नेमके उलट केले, दात-ओठ खाऊन बोलले. २०१६ च्या इंग्रजी चित्रपटात इद्रिस एल्बा शेरखान झाला, तर त्याच्या हिंदी आवृत्तीला पुन्हा नानांचाच आवाज होता. एकाच वाघाचे हे वेगवेगळे आवाज.

एक आवाज मात्र या साऱ्यात नाही. दुसऱ्या भागात जंगल एका गावावर चालून येते. घाबरलेले गावकरी जवळच्या गोंडांच्या मुखियाला बोलावतात आणि विचारतात, तुमचे जुने देव आमच्यावर कोपले का? तो एक शब्द बोलत नाही. रानकारल्याचा वेल उचलतो, देवळाच्या दारावर आडवा लावतो आणि जंगलात परत जातो. प्रसंग जबरदस्त आहे. पण ज्याचे हे जंगल, तोच त्यात मुका आहे, हे मला वाचताना खुपले. आपल्या जिल्ह्यांचेही असेच झाले आहे. पुण्यात गडचिरोली म्हटले की लोक नक्षल म्हणतात, चंद्रपूर म्हटले की वाघ. मोह वेचायला गेलेली बाई परत येत नाही, तेव्हा वाघ हा गोष्टीतला खलनायक नसतो आणि सफारीतले आकर्षणही नसतो. ती गोष्ट इथल्याच माणसाने सांगायला हवी.

सांगणारे आपल्याकडे आहेत. धान निघाले, मंडई भरली, शंकरपट झाला की रात्रभर नाटक, ही झाडीपट्टीची रीत. वडशाला नाटक कंपन्यांची कार्यालये आहेत आणि हजारो माणसे पहाटेपर्यंत बसून असतात. गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये याच रंगभूमीसाठी पद्मश्री मिळाली. चित्रांचे उदाहरण सीमेपलीकडच्या पाटणगडचे. तिथले गोंड चित्रकार भज्जू श्याम लंडनला एका उपाहारगृहाच्या भिंती रंगवायला गेले आणि परतल्यावर त्यांनी लंडनचेच ‘जंगल बुक’ काढले. २००४ मध्ये ते छापले गेले. त्यात भुयारी रेल्वे गांडूळ झाली आहे आणि बिग बेन कोंबडा. त्यांनाही २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. किपलिंगने न पाहिलेल्या जंगलाचे चित्र जगाला दिले, भज्जूंनी पाहिलेल्या लंडनचे.

मेळाव्याच्या निधीतून बाके घ्यायची की पंखे, यावर आपल्या ग्रुपवर पुष्कळ चर्चा झाली. दोन्ही घेऊ. पण थोडी रक्कम बाजूला ठेवावी, असे मला वाटते. आपल्यापैकी ज्यांच्या घरी दंडारीत, नाटकात काम केलेली म्हातारी माणसे आहेत, त्यांनी त्यांच्या गोष्टी झाडीबोलीत, गोंडी-माडियात ध्वनिमुद्रित कराव्यात. शाळेतल्या मुलांनी चित्रे काढावीत. ध्वनिफिती नीट जतन करणे, पुस्तकाची मांडणी करणे हे काम मी करीन, ते मला येते. पहिले पुस्तक बत्तीस पानांचे झाले तरी चालेल. शाळेच्या वाचनालयात ते ‘जंगल बुक’च्या शेजारी लागले पाहिजे.