माघारीच्या वाटेचे दप्तर

धुक्यात धावपट्टी दिसेनाशी झाली, वारा फिरला, किंवा आधी उतरलेले विमान वेळेत बाजूला झाले नाही, की उतरता उतरता वैमानिक विमान पुन्हा वर उचलतो. या ‘गो-अराउंड’चा, म्हणजे माघारीचा, निर्णय ऐनवेळचा असला, तरी त्यानंतर कोणती दिशा धरावी, किती उंची गाठावी आणि कोठे घिरट्या घालीत थांबावे, याची तजवीज विमानाच्या संगणकात आधीच दाखल असते.

या तजविजीचे मूळ शोधू गेल्यास ते कोणत्याही यंत्रात नव्हे, तर दहा सेंट किमतीच्या एका काळ्या वहीत सापडते. अमेरिकेत टपालाची विमाने चालविणारे एल्रे जेपेसन, वैमानिकांना मोटाररस्त्यांच्या नकाशांवर भिस्त ठेवून उडावे लागे त्या काळात, टेकड्यांची उंची, धावपट्टीची लांबी आणि भोवतालचे अडथळे स्वतः हिंडून टिपून ठेवीत. वाटेवरच्या हवामानाची खबर देऊ शकतील अशा शेतकऱ्यांचे टेलिफोन क्रमांकही त्या वहीत असत. सहकाऱ्यांची मागणी वाढली, तेव्हा 1934 साली त्यांनी तिच्या प्रती दहा डॉलरना विकावयास काढल्या, आणि वैमानिकाच्या मांडीवरील छापील तक्त्यांची परंपरा तेथून वाढीस लागली.

मात्र तक्त्यावरील वाक्य माणसास कळते, यंत्रास नाही. 1975 साली ‘एरिंक 424’ हे मानक निघाले, आणि पुढे त्याने मार्गाचा एकेक तुकडा दोन अक्षरांत बांधला: ‘सीए’ म्हणजे अमुक दिशेने अमुक उंचीपर्यंत चढा, ‘एचएम’ म्हणजे वैमानिक थांबवीपर्यंत घिरट्या घाला. या संकेतांत लिहिलेल्या आणि दर 28 दिवसांनी नवे होणाऱ्या संगणकातील दप्तरात माघारीच्या वाटेचा शेवट पुष्कळदा ‘एचएम’नेच होतो, म्हणजे पुढचा हुकूम माणसाचा, ही मर्यादा संकेतातच कोरलेली आहे, आणि मला तरी ती शहाणपणाची वाटते.

आरंभाचा हुकूमही माणसाचाच. एअरबस ए-320 मध्ये इंजिनांचे दांडे पुढे रेटून ‘टोगा’च्या खाचेत बसविले, की संगणक उतरण्याचा अध्याय मिटतो, माघारीचा मार्ग अमलात आणतो आणि त्याच्या शेवटी तोच उतरणीचा मार्ग पुन्हा जोडून ठेवतो. दांडे खाचेच्या जरा अलीकडे राहिले, तर त्याच्या लेखी माघार झालेलीच नसते. 21 जुलै 2007 रोजी मेलबर्नच्या धुक्यात नेमके हेच घडले, आणि वर चढावयाचे विमान जमिनीपासून अवघ्या 38 फुटांपर्यंत खाली आले. चौकशीत असे आढळले की, संगणकाने हुकूम घेतला की नाही हे पडद्यावर तत्काळ पाहण्याची निर्मात्याने घालून दिलेली पायरी विमान चालविणाऱ्या कंपनीने आपल्या नियमावलीत मागे ढकलली होती. यंत्राने कसूर केली नव्हती. दोष त्या फेरफाराचा होता.