भरपगारी सेवेचा तास

नोकरदार मनुष्याच्या दिवसातील किती तास धन्याचे आणि किती समाजाचे? प्रश्न साधा दिसतो, पण त्याच्या उत्तरावर पुष्कळ सत्कार्यांचे आयुष्य अवलंबून असते. आज काही मोठ्या व्यवसायसंस्था आपल्या नोकरवर्गाला वर्षातून काही दिवस पगार न कापता लोकसेवेसाठी मोकळीक देतात. अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीने १९७१ साली निवडक नोकरांसाठी अशी दीर्घ मुदतीची भरपगारी सेवारजा सुरू केली. ही प्रथा आपल्याला नवी वाटेल. परंतु तिची गरज कशातून निर्माण होते, हे सांगणारी हकीकत आपल्या शेजारच्या सुरत शहरात घडून गेलेली आहे, आणि तिच्यात एका मराठी विद्वानाचा वाटा आहे.

१८४४ सालची ही गोष्ट. सुरतेच्या सरकारी गुजराती शाळेत दुर्गाराम मंछाराम नावाचे शिक्षक होते. सारे शहर त्यांना दुर्गाराम मेहताजी म्हणून ओळखत असे. तेथील इंग्रजी शाळेत दादोबा पांडुरंग तर्खडकर हे मुंबईहून येऊन अध्यापन करीत होते. १८३६ साली मराठी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध करणारे दादोबा ते हेच. या दोघांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २२ जून १८४४ रोजी मानवधर्म सभा स्थापन केली. दुर्गाराम, दादोबा, दलपतराम, दिनमणिशंकर आणि दामोदरदास अशी पाच नावे 'द'ने सुरू होणारी. म्हणून लोक त्यांना 'पाच दद्दा' म्हणू लागले.

ईश्वर एक आहे, मनुष्यमात्राचा धर्म एक आहे, जातीवरून माणसाची योग्यता ठरत नाही, असे या सभेचे विचार. मंत्रतंत्र आणि भूतबाधा यांच्या नावावर चाललेल्या फसवणुकीला तिने भरसभेत आव्हान दिले. विधवांच्या पुनर्विवाहाचा पुरस्कार दुर्गाराम उघडपणे करीत. त्याआधी १८४२ साली त्यांनी पुस्तक प्रसारक मंडळीच्या द्वारे सुरतेत छापखान्याचीही खटपट केली होती. हे सगळे शाळेचे काम सांभाळून, उरलेल्या वेळात. त्या वेळाचा मोबदला त्यांना कोणी देत नव्हते. उलट जातभाईंचा रोष मात्र पदरात पडत होता.

आता पुढचा भाग ऐका. १८४६ साली दादोबा मुंबईस गेले. तेथे शिक्षक तयार करण्याच्या वर्गाचे काम त्यांच्याकडे आले. दुर्गाराम १८५२ साली शिक्षणखात्याच्या कामावर राजकोटला गेले, आणि सभेचे काम थांबले. सभा विचाराने दुबळी नव्हती. तिचा आधार मात्र दोन नोकरांच्या फावल्या वेळावर होता, आणि नोकराचा फावला वेळही त्याच्या बदलीच्या हुकुमाबरोबर गाव सोडतो. ज्या कामाला मालकाच्या हिशेबात जागा नाही, ते काम मालकाच्या एका कागदाने बंद पडते.

मालकाचे यात काही हित होते काय? होते. या मंडळींच्या सहवासात वाढलेल्या सुरतेच्या तरुणांत महीपतराम रूपराम होते. १८६० साली ते शिक्षणपद्धतीचा अभ्यास करण्यासाठी विलायतेस गेले, जातीचा बहिष्कार सोसला, आणि पुढे अहमदाबादच्या अध्यापक विद्यालयाचे प्रमुख म्हणून गुजरातचे शिक्षक घडविले. दुर्गारामांचे चरित्रही त्यांनीच लिहिले. ज्या सरकारने त्या फावल्या वेळासाठी एक पैही खर्च केली नव्हती, त्याच सरकारच्या शिक्षणखात्याला त्या वेळाचे फळ मिळाले. चारचौघांसमोर उभे राहणे, विरोधकाचे ऐकून घेणे, हाती घेतलेले काम नेटाने चालविणे, हे गुण सेवेत कमावले तरी कचेरीत परत येतात.

मुंबईतही हाच अनुभव आला. १८४८ साली निघालेल्या स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीच्या तरुण सभासदांनी १८४९ मध्ये मुलींच्या शाळा काढल्या आणि प्रथम स्वतः विनावेतन शिकविले. पुढे कामा कुटुंबासारख्या दात्यांचे द्रव्यसाहाय्य मिळाले, पगारी शिक्षक नेमता आले, आणि शाळा स्थिरावल्या. उत्साहाने काम सुरू होते. ते टिकविण्यासाठी वेळेची सोय करावी लागते.

आपल्या देशात २०१३ च्या कंपनी कायद्याने ठराविक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करण्यास सांगितले आहे. मात्र नोकरांनी दिलेल्या सेवेची किंमत पैशात मांडून ती या खर्चात धरता येणार नाही, असा खुलासा सरकारने २०२१ साली केला. खोटे हिशेब टाळण्याच्या दृष्टीने तो समजण्यासारखा आहे. तरी त्याचा अर्थ असा की रुपया मोजला जातो, तास मोजला जात नाही. तास द्यायचा तर मालकाने तो स्वतःच्या समजुतीने द्यावयाचा.

आणि तास सर्वांचा सारखा नसतो. आजच्या सुरतेत खानदेशातून गेलेली हजारो मराठी कुटुंबे राहतात. यंत्रमागावर जितके कापड निघेल तितकी मजुरी, हिऱ्याला जितके पैलू पडतील तितके दाम, असा तेथील पुष्कळ कामगारांचा हिशेब. अशा माणसाने वस्तीतील मुलांना शिकविण्यासाठी एक तास दिला, तर तो तास त्याच्या घरच्या भाकरीतून जातो. कचेरीतल्या पगारदाराला सेवारजा ही सोय आहे. मागावरच्या कामगाराला तिच्यावाचून सेवेची वाटच बंद आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. सेवा सक्तीची झाली की ती वेठ होते. कोणते काम करावयाचे ते नोकराने ठरवावे, मालकाने केवळ वेळ द्यावा, आणि त्या वेळाची जाहिरात करण्याचा मोह आवरावा.

श्रोतेहो, पाच दद्दांनी आपल्याजवळ होते ते सर्व दिले. त्यांच्या सभेला आठ वर्षांचे आयुष्य लाभले. त्यांना वेतन देणाऱ्या हातांनी आठवड्याचे चार तास त्यांच्या ओंजळीत घातले असते, तर कदाचित दादोबा गेल्यावर त्यांच्या जागी आलेल्या शिक्षकानेही ती सभा पुढे चालविली असती.